११. गहाण पडलेली पंगत

बुद्धपौर्णिमेच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि ताईबाईच्या घरात माणसांपेक्षा भोपळे जास्त झाले होते. मांडवगण फराट्याहून नवरदेवाकडची दीडशे माणसं, न्हावऱ्याची वस्ती झाडून सगळी, वर दौंडच्या रेल्वे चाळीतली थोरल्या लेकाची, म्हाळूची, रूळ दुरुस्त करणारी गँग, अशी मोजदाद ती सकाळपासून बोटांवर करत होती आणि दर वेळी बोटं कमी पडत होती. म्हाळूची मुलगी, नात गिता, ओसरीवर बसून स्वतःच्याच लग्नाच्या मिरच्यांची देठं खुडत होती. हात लागून डोळे झोंबले की चोळायची, मग जास्तच झोंबायचे, आणि आजी म्हणायची, "आत्तापासनं रडू नगं, त्या दिवशी काय करशील?"

म्हाळू सकाळच्या एस.टी.नं आला. बरोबर बायको भागुबाई, दोन पोती आणि एक ट्रंक. ताईबाईनं थोरल्या लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं.

"भांडी कुठं हायती?"

"येतील की उद्या," म्हाळू म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

हा उद्या आता दोन वर्षांचा झाला होता. दौंडच्या मंडळींना जयंतीच्या जेवणासाठी हवीत म्हणून म्हाळू चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात वस्तीची भांडी घेऊन गेला, ती गेलीच. ताईबाईनं विचारलं की तो सांगायचा, दौंडकरांकडं एकामागनं एक लग्नं निघतायत, संपली की आणतो. ताईबाई तेच वस्तीला सांगायची. तिच्या शब्दावर वस्ती गप्प बसायची, कारण भांडी आली त्या दिवसापासून ती ताईबाईच्या ताब्यात होती आणि एक पळी कधी हरवली नव्हती.

ही भांडी म्हणजे चार तांब्याची तपेली, दोन घंगाळं, तीन पराती आणि पळ्या-झाऱ्यांची एक जुडी. धम्म घेतल्यानंतरच्या साली वस्तीनं ठरवलं की आता कार्याला कुणाच्या दारात भांडी मागायला जायचं नाही. त्या काळी गावातून भांडं मिळायचंच नाही, आणि मिळालं तर परत देताना ते दारात लांब ठेवावं लागायचं, वरून पाणी मारून गावकरी घरात घ्यायचे. म्हणून घराघरानं मोड काढली. कुणी फुटका तांब्या दिला, कुणी बिनबुडाची कळशी, कुणी नुसतीच पितळी साखळी. ती मोड घालून, वर वर्गणीचे पैसे घालून ताईबाईचा नवरा आणि वस्तीतला कोंडिबा शिरूरच्या तांबटाकडून नवी भांडी घेऊन आले. प्रत्येकावर नाव घातलं होतं: बौद्धजन मंडळ, न्हावरे, १९५७. त्या दिवशी वस्तीत नुसता डाळभात शिजला होता, पण ताईबाईला त्याची चव अजून आठवायची.

आणि आता तिच्याच नातीच्या लग्नाला ती भांडी जाग्यावर नव्हती. म्हाळू मागच्या दारी मांडवाच्या मेढी रोवायला गेला, भागुबाई आडावर गेली. तासाभरानं दारात एक अनोळखी गृहस्थ येऊन उभा राहिला. स्वच्छ धोतर, काळी छत्री, काखेत रेक्झिनची पिशवी, चेहरा कायम कुणाच्या तरी मयतीहून आल्यासारखा.

"म्हाळू ओव्हाळांचं घर ह्येच का?"

"ह्येच. मांडवगणवरनं आलात जणू?"

"व्हय, मांडवगणवरनंच आलो," तो म्हणाला. दौंडची एस.टी. त्याच वाटेनं येत होती, त्यामुळं यात खोटं काही नव्हतं.

झालं. ताईबाईनं ठेवणीतलं घोंगडं अंथरलं, पाय धुवायला पाणी दिलं, गिताला आत पिटाळलं आणि सासरचा पाहुणा म्हणून आलं घातलेला चहा स्वतः टाकला. पाहुण्याचं नाव सावळाराम. तो फार बोलत नव्हता, पण दोन कप चहा आणि वाटीभर शेंगदाण्याचे लाडू त्यानं मनापासून घेतले. इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणाच्या दारात त्याला पाय धुवायला पाणी मिळालं नव्हतं. आपण कोण, हे सांगायचं तो दर घोटाला पुढं ढकलत होता.

"जेवणाची काळजी करू नगा म्हनावं," ताईबाई सांगत होती. "आमची वस्तीची भांडी हायत. दौंडला गेलीत, उद्या येतील. थोरल्या तपेल्यात पायलीवर डाळ शिजती बगा. धाकटं जरा लहान, पन वांग्याला बरं."

"धाकट्याचा येक कान हालतो तेवढा," सावळाराम लाडू चघळत म्हणाला. "कल्हई करताना डाक मारून घ्या."

ताईबाईचा हात किटलीवर तसाच राहिला.

"तुमाला कसं ठावं?"

सावळारामनं लाडू गिळला. मग वाटी खाली ठेवली, छत्री मांडीवर घेतली आणि खरं ते सांगून टाकलं. तो दौंडच्या हौसराव सावकाराचा वसुलीचा माणूस. भांडी हौसरावच्या गोदामात गहाण पडलेली आहेत, आणि गेली दोन वर्षं तो रोज गोदामाचं दार उघडतो तेव्हा ती समोरच दिसतात.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "चा मातूर लई चांगला झाला व्हता."

---

भागुबाई दोन घागरी घेऊन आडावरून परतली आणि ओसरीवर सावळारामला पाहून जागच्या जागी थांबली. हा माणूस पगाराच्या दिवशी रेल्वेच्या फाटकाशी छत्री उघडून उभा असायचा. म्हाळू वाण्याकडं गेला की वाण्याकडं, दवाखान्यात गेला की दवाखान्याच्या पायरीवर. शिवी नाही, आवाज नाही, नुसता मागे मागे. चाळीतल्या बायका त्याला भागुबाईचा दीर म्हणून चिडवायच्या. आणि तो आज इथं, सासूच्या ठेवणीतल्या घोंगड्यावर बसलेला.

सासूचा चेहरा पाहूनच तिला कळलं की सांगायचं काही राहिलेलं नाही. तिनं घागरी उतरवल्या आणि सरळ ताईबाईसमोर जाऊन बसली.

"आत्याबाई, निस्तं तुमच्या लेकाला बोलू नगा. पयलं तपेलं म्या उचललं व्हतं."

तिनं सगळं सांगितलं. जयंती झाली, भांडी पोत्यात बांधून परत पाठवायची तयारी होती, तेवढ्यात मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. म्हाळूला कामावरून काढलं. चार महिने पगार नाही. वाण्यानं उधारी बंद केली. धाकटं पोर तापानं फणफणलेलं, आणि घरात मोलाचं म्हणावं असं एकच होतं, ते पोतं. म्हाळू तीन दिवस त्या पोत्याकडं पाहत बसला होता. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, चला, आणि स्वतः एका टोकाला धरलं.

"कामावर परत घेतलं, पगार सुरू झाला तसं दर म्हैन्याला व्याज भरतोय," ती म्हणाली. "मुद्दल तितकंच."

म्हाळू मागच्या दारातून येऊन केव्हाच उभा राहिला होता, हातात पहार तशीच. आईनं ओरडावं म्हणून तो वाट पाहत होता आणि ती ओरडत नव्हती, हे त्याला जास्त लागत होतं.

त्याच वेळी धाकटा भाऊ ज्ञानदेव शिरूरहून आला. शिरूरच्या तहसील कचेरीत तो कारकून होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि घरात शिरल्यावरही कचेरीतला चेहरा उतरायला थोडा वेळ लागायचा. त्याला सगळं ऐकवलं तेव्हा त्यानं एकच गोष्ट विचारली.

"ह्यांच्या पिशवीत काय हाय?"

सावळारामनं नाइलाजानं कागद काढून दिला. ज्ञानदेवनं उभ्या उभ्या वाचला. म्हाळूनं सही करायची होती की भांडी आपण राजीखुशीनं हौसरावांना विकली आणि आता आपला त्यांच्यावर काही हक्क नाही. त्या बदल्यात बाकी सगळी माफ.

"दादा, तू सही करनार व्हतास?"

"करनार व्हतो," म्हाळू म्हणाला. "गिताच्या लग्नात ह्यो दारात बसला असता तर? सही करून मोकळा झालो असतो, आन् भांडी चोरीला गेली म्हनून सांगितलं असतं."

ज्ञानदेवला हसूही आलं आणि संतापही. ज्या कायद्याचे अर्ज तो गेले आठ-नऊ महिने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नोंदवत होता, त्याचं एक गिऱ्हाईक त्याच्याच घरात होतं. त्यानं भावाला खाली बसवलं आणि सांगितलं. गेल्या श्रावणात सरकारनं कर्जमुक्तीचा कायदा केलाय. मजूर, कारागीर, लहान शेतकरी, कमी पगाराचा कामगार, यांच्या डोक्यावरचं सावकाराचं कर्ज संपलं. गहाण वस्तू सावकारानं परत द्यायची, नाही दिली तर त्याला शिक्षा. म्हणून तर हौसरावाला घाई झालीय. गहाण पडलेलं परत द्यावं लागतं, विकत घेतलेलं नाही.

"आन् वसुलीसाठी मानसाच्या मागं मागं हिंडनं, दारात ठिय्या मारनं," तो सावळारामकडं वळून म्हणाला, "ह्यो तर जुन्या सावकारी कायद्यातच गुन्हा हाय. तीस वर्षं झाली त्याला."

सावळाराम चटकन घोंगड्यावरून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. अंगणही दारातच धरतात का, याचा विचार करून तो आणखी चार पावलं मागं सरला.

"म्हंजी श्रावनापासनं आमी नसलेल्या कर्जाचं व्याज भरतोय?" भागुबाईनं विचारलं.

"व्हय, वैनी."

भागुबाई नवऱ्याकडं वळली. "तुमाला ह्या कायद्याचं ठावं व्हतं?"

"गँगमधी समद्यांनाच ठावं व्हतं," म्हाळू खाली बघत म्हणाला. "पन अर्जात लिवावं लागतं, काय गहान ठिवलं. भांड्यावर मंडळाचं नाव हाय. सायेब इचारनार, तुझी नव्हती तर ठिवलीस कशी?"

हा प्रश्न बरोबर होता, हे ज्ञानदेवला कळत होतं. साहेब विचारणारच. मग त्यातून निघेल ते चोरीचं प्रकरण, आणि ते वस्तीपासून कचेरीपर्यंत सगळीकडं पसरेल. उद्या आपण टेबलाशी बसलो की मागून कोण काय बोलेल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. त्यानं आवाज खाली आणला.

"माझं पोस्टात प्लॉटसाठी साठवलेलं हाय. ते भरू. आजच भांडी सोडवू. कुनाला कळायचं कारन न्हाई."

भागुबाईनं मान हलवली. जे कायद्यानं फुकट परत मिळायचं त्याला पैसे भरायचे, आणि ते भावजींच्या प्लॉटचे, हे तिला पटेना. पण ताईबाईला ते पटलं. ती पहिल्यांदा बोलली ती धाकट्याच्या बाजूनं. लग्न पार पडू दे, झाकलेलं झाकलेलं राहू दे. क्षणभर घरात दोन तट पडले, आणि गिता कवाडाआडून ऐकत होती ती मनातल्या मनात काकाच्या बाजूला गेली. शेवटी लग्न तिचं होतं.

तट मोडला म्हाळूनं. त्यानं पहार भिंतीला टेकवली.

"न्हाई ज्ञानदेव. दोन वर्सं वस्तीपासनं तोंड लपवलं. आता तू पैसं भरशील, आन् मंग मी मरेपत्तुर तुझ्यापासनं तोंड लपवीन. आई, मी जातो कोंडिबाबाकडं. मंडळाची मिटिंग लावा म्हनतो."

ताईबाईनं लेकाकडं पाहिलं. हा पोरगा लहानपणी खोडी केली की स्वतःच येऊन सांगायचा. ते दोन वर्षं का थांबलं, याचाच तिला राग होता, आणि आता तो परत तसाच उभा राहिलेला पाहून तिचा राग कुठं ठेवावा हे तिला कळेना. तिनं पदर खोचला.

"येकला नगं जाऊ," ती म्हणाली. "भांडी माझ्या ताब्यात व्हती. मी बी येती."

---

मिटिंग चार वाजता समाजमंदिरापुढच्या चिंचेखाली भरली. लग्नाची कामं टाकून माणसं आली होती, त्यामुळं कुणाच्या हातात विळी, कुणाच्या हातात सुतळी. सावळारामलाही आणला होता. तो पळून जाईल म्हणून नव्हे, तर परतीची एस.टी. सहाला होती आणि त्याला जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

मंडळाचा अध्यक्ष कोंडिबा. जन्मभर विहिरींवर सुरुंगाचं काम केलेलं, त्यामुळं साधं बोलला तरी भांडल्यासारखं वाटायचं. म्हाळूला दुसऱ्या कुणाची नाही, त्याची भीती होती. गेल्या साली कोंडिबाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा वस्तीची भांडी नव्हती. त्यानं शिरूरहून भाड्यानं आणली होती, आणि दुकानदारानं जात विचारली होती.

म्हाळू उभा राहिला. गँगमध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, रूळ उचलताना आरोळी तोच द्यायचा. पण आता त्याचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचत होता. त्यानं काही लपवलं नाही. संप सांगितला, पोतं सांगितलं, हौसराव सांगितला. आईला खोटं सांगितलं आणि तिनं ते खरं समजून तुम्हाला सांगितलं, तिचा यात दोष नाही, हेही सांगितलं. भागुबाई बायकांमधून उठली आणि म्हणाली, "पोत्याचं दुसरं टोक माझ्या हातात व्हतं, ते बी लिवून घ्या."

म्हाळू कोंडिबाकडं पाहत होता, आणि कोंडिबाचा चेहरा हळूहळू लाल होत चालला होता.

"म्हंजी," कोंडिबा म्हणाला, "दौंडकरांनी भांडी ठिवून घेतलीच न्हवती?"

"न्हाई, बाबा."

"आन् मी दोन वर्सं दौंडकरांशी बोलनं टाकलंय. माझ्या साडूच्या मयतीला दौंडला गेलो तर तिथं पानी बी प्यालो न्हाई. त्यो बिचारा साडूचा भाऊ हात जोडून इचारत व्हता, आमचं काय चुकलं."

मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. कोंडिबानं रागानं मागं पाहिलं, आणि बायकोही तोंडाला पदर लावून हसतेय हे पाहिल्यावर त्याच्या मिश्या हलायला लागल्या. सबंध चिंचेखाली हशा पसरला. म्हाळूला मात्र हसायचं धाडस झालं नाही.

हसणं ओसरल्यावर कोंडिबा गंभीर झाला. "ज्ञानदेव, त्यो कायदा पुन्ना सांग. समद्यांना ऐकू दे."

ज्ञानदेवनं सांगितला. सांगताना त्याच्या लक्षात आलं की माणसं भलत्याच ध्यानानं ऐकतायत. साळूबाईनं, जिला आजवर कुणी मिटिंगमध्ये बोलताना ऐकलं नव्हतं, हात वर केला. तिचे चांदीचे वाळे सावकाराकडं होते. मग आनंदरावनं सांगितलं की त्याची सायकल दुरुस्तीला टाकलेली नाही. त्याच्या बायकोनं तिथंच विचारलं, मग तीन महिने चेनीचं काय सांगत होतात? पुन्हा हशा झाला. ज्यानं त्यानं आपापलं गहाण आपापल्या घरात झाकून ठेवलं होतं, आणि आता एकेक निघत होतं. ज्ञानदेवनं खिशातलं पेन काढलं आणि नावं लिहायला घेतली.

"माझं बी लिव," कोंडिबा म्हणाला. "बायकोचं डोरलं. लेकीच्या लग्नात भांड्यांचं भाडं भरायला ठिवलं."

म्हाळूनं मान खाली घातली. कोंडिबा उठला आणि त्याच्यापुढं येऊन उभा राहिला.

"राग भांड्यांचा न्हाई, म्हाळू. चार म्हैनं तुझी पोरं अर्धपोटी व्हती आन् हितं आमाला कुनालाच पत्ता न्हाई. बाप असता तुझा, तर त्यानं कळवलं असतं. आमी पायलीभर जवारी तरी धाडली असती का न्हाई?"

"लाज वाटली, बाबा."

"ती आता बी वाटू दे. पन आमच्यापाशी सांगाया वाटाया नगं." कोंडिबा ज्ञानदेवकडं वळला. "तुझ्या सायबाला काय पायजे?"

"मंडळाचं पत्र. भांडी मंडळाची, दादानं मंडळाच्या परवानगीनं गहान ठिवली, म्हनून. पन तशी परवानगी न्हवती. मागची तारीख घालून खोटं मी लिवनार न्हाई."

"मागची कशाला? आजची घाल." कोंडिबानं आवाज चढवला, म्हणजे नेहमीसारखा केला. "लोक हो, ही भांडी आपुन मानसं जेवावीत म्हनून घेतली. त्यातनं म्हाळूची पोरं जेवली. चौऱ्याहत्तर सालात म्हाळूनं भांडी गहान ठिवली, त्याला मंडळ आज परवानगी देतंय. कबूल असंल त्यानं हात वर करा."

म्हाळूनं वर पाहिलं नाही. त्याला फक्त आवाज ऐकू आला, विळ्या आणि सुतळ्या खाली ठेवल्याचा. मग ताईबाईचा हुंदका ऐकू आला आणि त्यावरून त्याला कळलं की हात किती वर झाले असतील.

"तरी दंड हाय," कोंडिबा म्हणाला. "भांडी आली की म्हाळू आन् ज्ञानदेव दोघांनी ती चिंच-राख लावून घासायची. बायांनी हात लावायचा न्हाई."

"मी काय केलंय?" ज्ञानदेवनं विचारलं.

"आठ-नऊ म्हैनं कायदा कचेरीत ठिवलास. वस्तीत आनला न्हाईस."

ज्ञानदेवनं बसकण मारली, पाटावर कागद ठेवला आणि पत्र लिहायला घेतलं. खाली सह्यांपेक्षा अंगठे जास्त पडले. भागुबाई पाण्याचा तांब्या घेऊन सावळारामकडं गेली, तो कडेला छत्रीच्या सावलीत उभा होता.

"पौर्णिमेला या," ती म्हणाली. "वसुलीला दारात बसलात तर गुन्हा हाय. पंगतीला बसलात तर पाव्हनं."

सावळारामनं पाणी पिऊन तोंड पुसलं. "लाडू असतील का?" त्यानं विचारलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दौंडला गेले: म्हाळू, ज्ञानदेव आणि कोंडिबा. स्टेशनच्या मागं उतरल्यावर कोंडिबानं समोर दिसेल त्या ओळखीच्या माणसाला थांबवून इतक्या मोठ्यानं जयभीम घातला की दोघंतिघं दचकले. दोन वर्षांची थकबाकी त्याला एका रस्त्यात फेडायची होती.

हौसराव सावकार लहानखुरा, नीटनेटका माणूस होता. गल्ल्यावर बसून तो ज्ञानदेवचं सगळं बोलणं ऐकत होता. सही न केलेला विक्रीचा कागद ज्ञानदेवनं त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं की हा तहसीलदारांना दाखवू का आपणच फाडता. हौसरावनं तो चार तुकडे करून टोपलीत टाकला. परवाना जायची भीती त्यालाही होती, आणि गोदामात अशी शंभर पोती पडली होती.

"पन भांड्यावर नाव दुसऱ्याचं हाय," तो म्हणाला. "मी ह्याच्या हातात दिली, आन् उद्या मंडळ माझ्या दारात आलं तर?"

ज्ञानदेवनं मंडळाचं पत्र दिलं. हौसरावनं चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचायला घेतलं. अंगठ्यांपाशी पोचल्यावर तो थांबला, पुन्हा वर गेला, आणि बोट एका ओळीवर टेकवलं.

रात्रभर ज्ञानदेवला हीच ओळ झोपू देत नव्हती. कचेरीत असा कागद त्याच्याकडं आला असता तर त्यानं स्वतःच तो परत पाठवला असता.

"गहान चौऱ्याहत्तर सालचं," हौसराव म्हणाला. "परवानगी कालची. आधी परवानगी घेत्यात, मंग गहान ठिवत्यात. ह्ये उलटं कसं?"

ज्ञानदेव काहीतरी बोलणार होता, पण कोंडिबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"परक्या मानसाला आधी द्यावी लागती, शेठ," तो म्हणाला. "घरच्याला मागनं दिली तरी चालती."

हे पहिल्यांदाच तो हळू बोलला होता. हौसरावनं त्याच्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या म्हाळूकडं पाहिलं, आणि पत्राची घडी घालून गल्ल्यात ठेवली.

"सावळाराम," त्यानं हाक मारली, "गोदाम उघड."

सावळारामनं दार उघडलं. भांडी खरोखरच समोर होती, काळी पडलेली, एकात एक घातलेली, आणि नावावरची धूळ तेवढी कुणीतरी कधीतरी पुसलेली होती. म्हाळू बाहीनं डोळे पुसून आत गेला आणि थोरलं तपेलं उचललं. दोघांनी धरा, वजनदार हाय, असं कोंडिबा मागून ओरडत होता. म्हाळूनं ऐकलं नाही. तपेलं डोक्यावर घेऊन तो एकटाच भर बाजारातून एस.टी. स्टँडकडं चालू लागला, आणि वाटेत चाळीतली माणसं भेटली त्यांना सांगत गेला की आमची भांडी हायत, न्हावऱ्याची, पौर्णिमेला जेवायला या.